गादी कितीही जाड घ्या, खालून हवा हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत कोकण किनाऱ्यावरच्या शिडाच्या छोट्या होड्यांविषयी आलेला लेख आवडला. शिडे, नांगर, बंदरे यांबद्दल त्यात वाचण्यासारखे पुष्कळ आहे. होडीवर रात्र काढण्याचा विषय मात्र एका ओळीत उरकला आहे. केबिनमधल्या बर्थवर सहा इंची मऊ गादी टाकावी, वर रेक्झिनचे कव्हर घालावे, असा तो सल्ला. दिवाणखान्यातल्या सोफ्याला हे ठीक आहे. वीस-पंचवीस फुटी होडीवर असे करणाऱ्याची पाठ पहिल्याच रात्री घामाने भिजेल आणि दिवाळीपर्यंत गादीच्या पोटाला काळी बुरशी धरेल. नारळी पौर्णिमा झाली की होड्या पाण्यात उतरवण्याची गडबड सुरू होते, सुताराला आणि गादीवाल्याला कामे सांगितली जातात. चुकीचे काम सांगून पैसे जाऊ नयेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी मापे. लांबी साडेसहा फूट, खांद्यापाशी रुंदी दोन फूट, पायांपाशी पंधरा इंच. एवढे एका माणसाला पुरते. रुंदी वाढवण्याचा मोह बहुतेकांना होतो. नांगरावर शांत पडलेल्या होडीत रुंद बर्थ चांगला वाटतो, पण होडी चालायला लागली की माणूस त्यात इकडून तिकडे लोळतो, आणि लोळणारे शरीर स्वतःला सावरण्यासाठी रात्रभर स्नायू ताणून धरते. सकाळी अंग दुखते ते यामुळे, आणि दोष मात्र गादीला दिला जातो. रेल्वेच्या बर्थाएवढी जागा चालत्या होडीत उत्तम. गादीच्या वर बसता येईल इतकी, म्हणजे किमान तीन फूट उंची मोकळी हवी. जिथे बसायचेच नाही, तिथेही कुशीवर वळताना खांदा फिरण्यापुरते एकवीस-बावीस इंच लागतात. छोट्या होडीत ही उंची आधीच मोजकी असते. चार इंची गादी पुरत असताना सहा इंची गादी त्यातले दोन इंच उगाच खाते, माणूस खाली पडू नये म्हणून कडेला असलेली आडफळीही तेवढीच बुटकी करते.

आता मुख्य मुद्दा, ओलाव्याचा. झोपलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभर वाफ निघत असते. गादीची वरची बाजू अंगाला लागून चौतीस-पस्तीस अंशांवर, खालची बाजू फळीला लागून सव्वीस-सत्तावीस अंशांवर. वाफ फोममधून खाली उतरते आणि थंड बाजूला पोचली की तिचे पाणी होते. गादीखाली सलग प्लायवूड असेल तर त्या पाण्याला जायला वाट नाही. चार-पाच रात्रींत खालचे कापड चिकट लागते, महिनाभरात काळे ठिपके दिसतात, आणि मग केबिनभर तो कुबट वास सुटतो, जो कितीही अत्तर मारले तरी जात नाही. थंड देशांतल्या होड्यांवरच्या पुस्तकांत हा ओलावा होडीच्या गार अंगावर जमतो असे लिहिलेले असते. आपल्याकडे तसे नाही. आपला समुद्र थंडीतही कोमट असतो, पहाटेच्या हवेपेक्षा पाणी बरेचदा गरमच. त्यामुळे पाण्याखालचे अंग आपल्याकडे फारसे गळत नाही. गळते ते छत. डिसेंबर-जानेवारीत खाडीत दहिवर पडते, फायबरचा डेक गार होतो आणि आतल्या श्वासाची वाफ त्याच्या पोटाला लागून थेंब पडू लागतात. म्हणजे गादी खालून घामाने आणि वरून थेंबांनी, अशी दोन्हीकडून भिजते.

खालच्या ओलाव्याला तीन उपाय आहेत. सगळ्यांत स्वस्त म्हणजे आहे त्याच प्लायला भोके पाडणे. एक इंच व्यासाचे होल-कटर घ्यावे, दर तीन इंचांवर भोक, कडेपासून दोन इंच जागा सोडून. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने गोल कराव्यात आणि आतून इपॉक्सीचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या राळेचे, दोन हात द्यावेत. हे दोन हात पुष्कळजण टाळतात. प्लायची कापलेली कड उघडी राहिली की ती ओल पिते, थर सुटतात, आणि दोन पावसाळ्यांत फळी भुसभुशीत होते. प्लाय बारा मिलीमीटरचे, मरीन ग्रेडचे हवे. पाठीवर आयएस ७१० हा शिक्का पाहून घ्यावा. भोकांनी फळीची ताकद कमी होते, म्हणून खाली दर दीड फुटावर आडवा टेकू हवाच.

दुसरा उपाय पट्ट्यांचा, आणि जमत असेल तर हाच करावा. सागाच्या दोन इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्ट्या, मध्ये एक ते सव्वा इंच फट. फट याहून मोठी ठेवली तर फोम त्यात बसतो आणि कुशीवर झोपणाऱ्याच्या कमरेला पट्टीची धार लागते. पट्ट्या चौकटीला ठोकून बसवू नयेत. नायलॉनच्या दोन लांब पट्ट्यांवर त्या ओळीने स्क्रूने जोडल्या की सगळा सांगाडा चटईसारखा गुंडाळता येतो आणि खालचा कप्पा उघडायला सोपे जाते. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे स्टेनलेस बहुधा ३०४ असते, त्यावर खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात. लोखंडी स्क्रू तर आणूच नयेत. ते गंजून फुगतात आणि लाकूड फाडतात.

तिसरा उपाय काथ्याचा. रबर फवारलेल्या काथ्याचे एक इंची शीट फळीवर टाकून वर फोमची गादी ठेवली, तर मधल्या धाग्यांतून बऱ्यापैकी हवा खेळते. काथ्या पाण्याला लवकर दाद देत नाही. नारळाची सोडणे महिनोन्महिने पाण्यात कुजवून तो काढण्याची जुनी पद्धत आहे. पण एकदा खारे पाणी प्यायला की सुकायला फार वेळ घेतो आणि जड होतो. म्हणून फळीला भोके पाडून वर काथ्या, अशी जोडी चालते. नुसत्या सलग फळीवर काथ्या म्हणजे अर्धाच उपाय. पूर्ण काथ्याची जाड गादी मात्र मी सुचवणार नाही. ती मध्ये दबते आणि तिचे धागे निखळून बिल्जच्या, म्हणजे होडीच्या तळाशी साठलेले पाणी उपसणाऱ्या, पंपात जातात.

होडीच्या अंगाला लागून गादी सरकवू नये. त्या बाजूला पाऊण इंचाच्या उभ्या पट्ट्या मारून हवेची वाट ठेवावी. छताच्या थेंबांना एसीच्या पाइपांवर गुंडाळतात ते काळे नायट्राइल रबरचे शीट, दहा ते तेरा मिलीमीटर जाडीचे, डेकच्या आतल्या बाजूला चिकटवावे. चिकटवण्यापूर्वी फायबर घासून, पुसून, पूर्ण कोरडे करून घ्यावे, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात शीट कोपऱ्यांतून सुटते. दुपारची उष्णताही याने बरीच अडते.

फोमकडे येऊ. दुकानात ‘डेन्सिटी किती’ एवढेच विचारले जाते. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन. फोम किती टिकेल हे त्यावरून कळते. तो किती कडक आहे ही वेगळी गोष्ट. ४० डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. होडीसाठी ४० डेन्सिटीचा, मध्यम कडक, चार इंची घ्यावा. पारख सोपी आहे. तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर कुशीवर आडवे व्हावे. कमरेचे हाड खाली लागले तर फोम मऊ, खांदा आत जातच नसेल तर फाजील कडक. अंगाने भारी माणसाने पाच इंच घ्यावा, त्यापुढे जाऊ नये. वर सांगितलेल्या मापाच्या बर्थचा ४० डेन्सिटीचा चार इंची फोम चार किलोच्या आसपास भरतो, एका हाताने डेकवर नेता येतो. २५ किंवा २८ डेन्सिटीचा माल स्वस्त पडतो, पण दोन मोसमांत कमरेखाली खळगा पडतो आणि तो परत वर येत नाही.

मेमरी फोम होडीवर आणू नये. तो अंगाची उष्णता धरून ठेवतो. एप्रिल-मे महिन्यात विजयदुर्गच्या खाडीत त्यावर झोपणे ही शिक्षा आहे. बंद पेशींचा फोम, म्हणजे योगासनांच्या चटईचा असतो त्या जातीचा, पाणी पीत नाही हे खरे. म्हणून काहीजण त्याचा एक इंची थर तळाला घालतात. उघड्या डेकवरच्या बैठकीला ती युक्ती चांगली. खाली केबिनमध्ये तो थर वाफ अडवतो आणि ओल वरच्या फोममध्येच कोंडते. कापसाच्या गादीबद्दल न बोललेले बरे. तिचे गोळे होतात आणि एकदा लाट आत आली की ती मोसमभर सुकत नाही. सावरीचा कापूस पाणी सहसा पीत नाही, पूर्वी जीवरक्षक जाकिटांतही तो भरत असत. उशीसाठी तो झकास. गादीत मात्र लवकर दबतो.

माप घेताना सर्वांत जास्त चुका होतात. बर्थ चौकोनी नसतो, आणि होडीचे अंग वर पसरत जाते. म्हणजे गादीचा वरचा तळ खालच्यापेक्षा रुंद हवा. खाकी कागदाचा एक साचा फळीच्या पातळीवर काढावा आणि दुसरा फळीपासून चार इंच उंचीवर. दोन्ही कागदांवर ‘वर’, ‘खाली’, ‘नाळेकडे’ (नाळ म्हणजे होडीचे पुढचे टोक) असे लिहून दोन्ही गादीवाल्याला द्यावेत. एकच कागद दिला तर गादी सरळ कापली जाते, आणि होडीच्या अंगाशी वरच्या बाजूला पाचरीसारखी फट राहते. रात्री चष्मा, टॉर्च, चादरीचे टोक सगळे तिथे जाते. फोम कव्हरच्या मापापेक्षा सगळीकडून पाव इंच मोठा कापावा, म्हणजे कव्हर ताणून बसते आणि सुरकुत्या पाठीला रुतत नाहीत. नाळेतला त्रिकोणी बर्थ दोन तुकड्यांत आणि मधल्या पाचरीत करावा. तुकड्यांचा सांधा कमरेखाली येता कामा नये, गुडघ्याखाली आला तर चालतो. कप्प्याचे झाकण जिथे आहे तिथेच गादी तोडली, तर पाण्याचा नळ किंवा नटबोल्ट काढायला सगळा बिछाना उचलावा लागत नाही.

कव्हरच्या खालच्या तळाला कापड नको, जाळी हवी. बुटांना आणि गाडीच्या सीटकव्हरला वापरतात ती जाड थ्रीडी जाळी उत्तम. नाही मिळाली तर नर्सरीत लावतात ती शेडनेट दुहेरी करून चालते. वरची बाजू सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिश्रणाची. सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात ठेवून वाळवावे. नाहीतर पहिल्या धुण्यात आटते आणि फोम परत आत जात नाही. दोरा पॉलिस्टरचाच, कारण सुती दोरा कापडाआधी कुजतो. चेन प्लॅस्टिकची, आणि तिचा सरकणारा तुकडाही प्लॅस्टिकचाच सांगावा. शिंपी सवयीने धातूचा लावतात, तो एका पावसाळ्यात जागेवर आवळतो. चेन लांब मागच्या बाजूला घ्यावी आणि दोन्ही कोपऱ्यांवरून अर्धा-अर्धा फूट वळवावी, तरच चार इंची फोम न फाटता आत शिरतो. शिवून झाल्यावर चेनवरून मेणबत्ती फिरवली की वर्षभर बघायला नको.

रेक्झिनचा आग्रह पुसायला सोपे म्हणून धरला जातो. दिवसा ओल्या कपड्यांनी बसणारे असतात, हे मान्य. त्यासाठी रेक्झिनचा एक सुटा तुकडा वरून टाकावा आणि रात्री काढून ठेवावा.

आता मीठ. धुतलेली, उन्हात कडक वाळवलेली चादर रात्री ओलसर का लागते, असे अनेकांना वाटते. कारण ती खाऱ्या पाण्याने भिजलेली असते. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून खूप आधी. कोकणात रात्री पंचाहत्तर टक्के ओलांडणे ही नेहमीचीच गोष्ट. म्हणजे मीठ असलेले कापड इथे कधीच कोरडे राहणार नाही, ऊन कितीही द्या. ते गोड्या पाण्यातच दोनदा बुडवावे लागते, प्रत्येक वेळी पाणी बदलून. धुतल्यावरही रात्री चिकट लागले तर तिसऱ्यांदा. फोम भिजला असेल तर त्याला पिळू नये, पेशी फाटतात. आडवा ठेवून पायांनी दाबत वरून गोडे पाणी सोडत राहावे, मग उभा करून सावलीत दोन दिवस. उन्हात ठेवला तर पिवळा पडून चुरा होऊ लागतो. बुरशीचे ठिपके पांढऱ्या व्हिनेगरने पुसावेत. ब्लीचने ठिपके जातात खरे, पण फोम आणि दोरा दोन्ही दुबळे होतात. डिझेल शोषलेला फोम धुण्याच्या भानगडीत पडू नये. तो टाकून द्यावा.

ओल्या अंगाने बिछान्यावर न जाणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय. जिन्याखाली दोन लिटर गोड्या पाण्याची बाटली आणि एक पंचा ठेवला की पाय पुसूनच माणूस आत येतो.

गादी कितीही नीट केली आणि डेक गळत असेल तर सगळे व्यर्थ. गळती बहुधा कठड्याच्या खांबांच्या बोल्टांतून, डोलकाठीचे तार धरणाऱ्या पट्ट्यांतून किंवा झाकणाच्या रबरातून येते. आतून संशयाच्या जागी खडूची भुकटी लावावी आणि बाहेरून पाइपने पाणी सोडावे, खालून सुरू करून हळूहळू वर. वरून सुरू केले तर पाणी वाहत खाली येते आणि नक्की कुठून शिरले ते कळत नाही. सापडलेला बोल्ट काढून, जुने सीलंट पूर्ण खरवडून, भोकाच्या कडेला इपॉक्सी भरून मगच नवे सीलंट लावावे. जुन्यावर नुसते सिलिकॉन चोपडणे म्हणजे पुढच्या वर्षी तेच काम.

चालत्या होडीत कुठल्या बर्थवर झोपायचे, हेही ठरलेले असते. नाळेतला बर्थ सर्वांत मोठा आणि देखणा, पण तो नांगरावरच कामाचा. लाटेत नाळ सर्वांत जास्त वर-खाली होते. मधल्या भागात, शक्य तितके खाली आणि कलत्या बाजूला झोपावे. आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा वायव्येचा. मुंबईहून मालवणकडे येताना तो उजव्या हाताने मागून लागतो आणि होडी डावीकडे कलते. परत वर जाताना डाव्या हाताने पुढून लागतो, होडी उजवीकडे कलते. म्हणजे दोन्ही वेळा खालची बाजू जमिनीकडची. रात्री मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटली की हिशेब उलटा. म्हणून कडेचे आडकापड दोन्ही बर्थांना हवे, एकाला लावून भागत नाही.

या आडकापडाला ली-क्लॉथ म्हणतात. बहुतेक होड्यांवर ते शोभेपुरते असते. होडी तीस अंश कलली की ऐंशी किलोच्या माणसाचा चाळीस किलो भार कापडावर येतो, आणि लाटेचा धक्का बसला की क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. कॅनव्हास खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, चार फूट लांब असावा. पूर्ण लांबीचा केला तर डोक्याशी हवा कोंडते. गादीच्या वर दीड फूट उंच राहील आणि गादीखाली फूटभर आत जाईल, असा कापावा. खालची कड लाकडी पट्टीखाली दाबून दर चार इंचांवर स्क्रू. ही पट्टी बर्थच्या अगदी कडेला न लावता चार-सहा इंच आत लावावी, मग अंगाचाच भार कापड ताणून धरतो आणि झोळीसारखा आधार मिळतो. वरच्या कोपऱ्यांना दुहेरी ठिगळ, त्यात पितळी आयलेट (भोकाला बसवायची कडी), त्यातून सहा मिलीमीटरची दोरी. दोरी ज्या कडीला बांधायची ती नुसत्या प्लायमध्ये स्क्रूने बसवू नये, पाठीमागे वायसर घालून आरपार बोल्ट हवा. गाठ आतून एका हिसक्यात सुटणारी पाहिजे. मध्यरात्री वरून हाक आल्यावर आत अडकून पडणे परवडत नाही. पाय नाळेकडे आणि डोके मागे ठेवून झोपावे. रात्री मासेमारीच्या डोल जाळ्यासाठी समुद्रात रोवलेल्या खुंटावर आदळलो किंवा वाळूत रुतलो तर धक्का पायांवर येतो, मानेवर येत नाही.

हा आधार आजारपणातही लागतो. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने शिडाच्या होडीतून जगप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ या होडीची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली. पाठीला जबर इजा झाल्याने मदतीचे जहाज येईपर्यंत त्यांना बर्थवर पडून राहावे लागले. आपण तेवढ्या दूर जात नाही, पण कमरेत उसण भरायला जयगडचा दर्याही पुरतो.

नांगरावरचा त्रास वेगळा. खाडीत होडी वाऱ्याकडे तोंड करून राहीलच असे नाही. भरती-ओहोटीचा ओढ जोरात असला की ती ओढाकडे तोंड करते, वारा बाजूने लागतो आणि खाडीच्या मुखातून येणारी लाट आडवी बसून रात्रभर पाळणा सुरू राहतो. नांगराच्या दोरावर पुढे पाच-सहा मीटरवर दुसरी दोरी बांधून ती मागच्या खुंटीवर आणावी आणि थोडी थोडी आवळत जावी. होडी फिरून लाटेला तोंड देते आणि डोलणे पुष्कळ कमी होते. ओहोटीला तळ टेकण्याची शक्यता असेल तर होडी कुठल्या अंगावर कलेल ते संध्याकाळीच पाहून बिछाना त्या बाजूला करावा. उत्तर कोकणात उधाणाच्या भरती-ओहोटीचा फरक मोठा, दक्षिणेकडे तो कमी होत जातो, पण देवगडवाल्यानेही भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांचा अंदाज धरून उधाणाला गाफील राहू नये.

हवेसाठी पुढच्या झाकणावर छत्रीच्या कापडाची झोळी उभारली की मंद वाराही आत ओढला जातो. होडी ओढाकडे तोंड करून असेल तर मात्र ही झोळी फिरवता येईल अशीच शिवावी. केबिन रात्री गार राहण्याचे खरे गुपित दिवसा डेकवर घातलेल्या सावलीत आहे. सकाळी दहापासून पांढरी ताडपत्री ताणली तर डेक तापत नाही. रात्री तीच ताडपत्री दहिवर झेलते. बारा व्होल्टचा छोटा पंखा पाऊण अँपिअरच्या आत चालतो, पन्नास वॉटचे सोलर पॅनेल हिवाळ्यात एक-दोन पंख्यांना पुरते. पंखा तोंडावर रोखू नये, पायांकडून अंगावरून हवा जाईल असा लावावा.

मच्छरदाणी चौरस इंचाला १५६ भोकांची डासांना पुरते. कांदळवनालगत अगदी बारीक चावरे किडे असतात, त्यांना याहून बारीक जाळी लागते आणि तिने हवा अडते. त्यापेक्षा तिवरांपासून दोन-तीनशे मीटर दूर नांगर टाकलेला बरा. मच्छर अगरबत्ती बंद केबिनमध्ये जाळू नये. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि फोमवर ठिणगी पडली तर त्याचा धूर आगीच्या आधी माणूस घेतो. स्टोव्ह, शेगडी यांनाही हेच लागू. बर्थखाली शिशाची बॅटरी असेल तर तिच्या पेटीला वरच्या अंगाला भोक आणि बाहेर जाणारी नळी हवीच. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि तो वरच साठतो.

जानेवारीच्या रात्रींसाठी जुन्या लुगड्यांची गोधडी पुरते, फक्त ती दिवसा पाण्यापासून सुरक्षित अशा पिशवीत ठेवावी.

पावसाळ्याची तयारी राहिली. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते, त्याच सुमारास शिडाच्या होड्याही वर घेतल्या जातात. गाद्या होडीत ठेवून झाकण लावू नये. घरी नेऊन, कव्हर काढून धुऊन, फोम उभा ठेवावा किंवा वाशाला टांगावा. आडवा रचला तर खालचा दबतो. प्लॅस्टिकमध्ये बांधू नये, जुन्या सुती चादरीत गुंडाळावा. माळ्यावर उंदीर असतील तर तिथे नकोच. त्यांना घरट्यासाठी फोमसारखी दुसरी वस्तू नाही. होडीतले सगळे कप्पे, झाकणे उघडी ठेवावीत आणि वरून ताडपत्रीचा तंबू दोन्ही टोकांना खुला ठेवावा.

शेवटी एक मागणी, जी आपल्या पत्रामार्फत योग्य कानांपर्यंत जाईल अशी आशा आहे. किनाऱ्यावर नव्या जेट्ट्या होत आहेत, दिवे लागत आहेत, बाके येत आहेत. प्रत्येक जेट्टीवर गोड्या पाण्याचा एक नळ, त्याखाली सांडपाणी वाहून जाईल असा ओटा आणि बाजूला गाद्या उभ्या करायला चार खांबांची सावली एवढे बांधकाम त्याच अंदाजपत्रकात बसू शकते. मच्छीमारांना जाळी आणि कपडे धुवायला तो नळ रोज लागेल, शिडाच्या होड्यांना आठवड्यातून एकदा. पाण्याचे मीटर लावून माफक दर घेतला तरी कुणाची हरकत असणार नाही.

आपला,
एक होडीवाला वाचक
जयगड, जि. रत्नागिरी